माथेरानला कुणीतरी विचारलं असतं

सुभाष केळसकरांना उत्तर द्यायची भारी घाई. प्रश्न कुणालाही असो, उत्तर यांचं. भाजीवाल्यानं त्यांच्या बायकोला, शुभदाबाईंना विचारावं, "भाभी, मेथी दूँ?" आणि सुभाषरावांनी मागून म्हणावं, "नको, पालक दे." डॉक्टरांनी बाईंना "कुठे दुखतंय?" विचारलं, तरी गुडघा हेच दाखवणार आणि तोही कधीकधी चुकीचा. "उद्या यमानं माझं नाव विचारलं तरी हेच सांगतील," असं शुभदाबाई हसून म्हणायच्या. तेव्हा त्या हसायच्या.

घराणं रत्नागिरीकडचं. गिरगावातली चाळ सोडून मीरा रोडला दोन खोल्यांत आलेलं. सुभाषराव फोर्टात एका औषध कंपनीत कारकून. सगळी रजा गणपतीला नि शिमग्याला गावी संपायची, त्यामुळे नुसती हवा खायला कुठे जातात हे या घराला ठाऊकच नव्हतं. मग २००३च्या पावसाळ्यात त्यांचा एकुलता एक निहार काविळीनं गेला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. आठवड्याभरात होत्याचं नव्हतं झालं.

सोसायटीतली माणसं चांगली. इतकी चांगली, की त्यांनी निहारचं नाव घेणंच सोडलं. जिन्यात शुभदाबाई दिसल्या की निकालांच्या, नोकऱ्यांच्या गप्पा थांबायच्या. समोरच्या चंपाबेनच्या स्वयंपाकघरात तर निहार अर्धा वाढलेला. त्याही ढोकळ्याची ताटली हातात देऊन खाली मान घालून परत जायच्या. शुभदाबाई रडल्या मात्र नाहीत. त्याला नेलं तेव्हा नाही आणि वर्षश्राद्धालाही नाही. नुसत्या गप्प होत गेल्या. सुभाषरावांना त्याचीच धास्ती. मुलगा गेला, आता ही डोळ्यांदेखत आतल्या आत संपणार, या विचारानं त्यांना घास जात नसे.

थंडी पडली तेव्हा ते म्हणाले, "चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ. कुठे जायचं, सांग."

"माथेरानला," शुभदाबाई लगेच म्हणाल्या. "तिथे गाड्या नाहीत म्हणे. सगळीकडे चालत फिरायचं. बाजार आहे, माणसं भेटतात, बोलतात."

माणसं! सुभाषरावांना नेमकं तेच नको होतं. तिथे जो तो विचारणार, कुठून आलात, मुलं किती. ऑफिसातल्या साहेबांच्या ओळखीच्या एकाचं मुरबाडच्या पुढे रानात लाकडी घर होतं. भोवती साग, हाकेच्या अंतरावर कुणी नाही. दुसऱ्याच संध्याकाळी ते त्याची चावी घेऊन आले. "इथे शांत वाटेल तुला," म्हणाले. विचारलं होतं बायकोला, पण उत्तर नेहमीसारखं त्यांचंच. शुभदाबाईंनी मुकाट्यानं बॅग भरली.

शांतता होती खरी, अंगावर येणारी. पानं गळायची तेवढाच आवाज. राखणदाराची बायको मंदा भाकऱ्या करायला यायची. पहिल्याच दिवशी चूल फुंकता फुंकता तिनं सहज विचारलं, "ताई, पोरंबाळं किती?"

शुभदाबाईंनी झटकन मान वर केली. त्यांचे ओठ उघडले. तेवढ्यात सुभाषराव अंगणातून धावलेच.

"नाही हो, आम्हाला कुणी नाही."

मंदा चुकचुकली. पुन्हा म्हणून तिनं काही विचारलं नाही.

शुभदाबाई जेवल्या नाहीत. मंदा गेल्यावर म्हणाल्या, "कुणी नाही?"

"अगं, तुला त्रास नको म्हणून..."

"एकोणीस वर्षं वाढवला, आणि कुणी नाही? सोसायटीत सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी विचारत नाही. माथेरानला कुणीतरी विचारलं असतं हो. मला एकदा सांगायचं होतं, मुलगा आहे आम्हाला, निहार नाव त्याचं. तेवढ्यासाठी जायचं होतं मला."

पोराला काविळीनं नेलं होतं. पण तो नव्हताच, हे सुभाषरावांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीच ते निघाले. कल्याणच्या एसटीत शेजारी एक म्हातारी बोरांची पाटी घेऊन बसली होती. बस सुटते न सुटते तोच तिनं सुभाषरावांकडे बघत विचारलं, "मुलं किती तुमाला?"

सुभाषरावांनी दात आवळले आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"एक," शुभदाबाई म्हणाल्या. "निहार नाव. कॉलेजात आहे."

मग त्या कल्याण येईपर्यंत थांबल्याच नाहीत. तो किती उंच, वालाच्या बिरड्यासाठी कसा हट्ट करतो, आंघोळीला कसा आळशी. म्हातारी म्हणाली, "आता सून आना!" शुभदाबाई चक्क हसल्या. सुभाषराव बाहेर बघत राहिले. बाहेरचं त्यांना काही दिसत नव्हतं. उतरताना म्हातारीनं त्यांच्या पिशवीत ओंजळभर बोरं टाकली. "पोराला न्या."

घरी आल्यावर शुभदाबाईंनी ती धुऊन वाडग्यात ठेवली. इतक्या लवकर परत आले म्हणून चंपाबेन डोकावल्या. काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या, "अरे वा, बोर! किसके लिए लाए?"

सुभाषराव दारातच उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"निहारची आहेत," शुभदाबाई म्हणाल्या.

चंपाबेनचा चेहरा उतरला. त्या परत जायला वळल्या, पण गेल्या नाहीत. आत येऊन जमिनीवर बसल्या आणि एक बोर हातात घेऊन म्हणाल्या, "उसको तो कच्चा वाला चाहिए था, खट्टा. मेरे डिब्बे से नमक चुराके खाता था, बदमाश."

"त्याला सांगायचे मी, मागून घे," शुभदाबाई म्हणाल्या, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत चंपाबेनच्या खांद्यावर कोसळल्या. दीड वर्षाचं रडू होतं ते.

सुभाषराव स्वयंपाकघरात गेले. बशीत थोडं मीठ घेतलं आणि ती बशी वाडग्याशेजारी आणून ठेवली.