तिवड्याभोवती फुटबॉल

आमच्या गावात फुटबॉल मी आणला. आज हे कुणी कबूल करत नाही. विचाराल तर सांगतील, फुटबॉल अप्पांनी आणला, अप्पांच्या जावयानं आणला, नाहीतर देवाच्या कृपेनं आपोआप आला. कृतघ्न गाव आहे. निजामाच्या राज्यात मी तिथल्या सरकारी शाळेत ड्रिल मास्तर होतो आणि त्या टीमपायी जेवढे अपमान गिळले तेवढी भाकर गिळली नसेल.

गाव उमरग्याच्या बाजूचं, अर्धं मराठी, अर्धं कानडी. हैदराबादला ट्रेनिंगसाठी गेलो होतो तिथं फुटबॉल शिकलो, आणि येताना एक चेंडू घेऊन आलो. महायुद्धाची लढाई चालू होती, चेंडूच्या आतलं रबरी ब्लॅडर फुटलं तर दुसरं मिळायची मारामार. टीम जमवली ती मोठ्या माणसांची. शिंपी, विणकर, बाजारातले दोघे हमाल, आणि अप्पांचा सालगडी. या सालगड्यासारखा गडी पंचक्रोशीत नव्हता. छाती रुंद, पाय बाभळीचे, आणि तोंडातून दिवसभरात दोन वाक्यं निघाली तर निघाली.

अप्पा म्हणजे गावातले मोठे आडते. जमीन अमाप. माणूस तसा गोड बोलायचा, पण रागावला की कानडीत शिरायचा.

अडचण होती मैदानाची. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा, माळावर नुसते गोटे. सपाट, टणक अशी एकच जागा होती, अप्पांचं खळं. ज्वारीची मळणी उरकली की ते रिकामंच पडायचं. शेणानं सारवलेलं, गुळगुळीत, आणि ऐसपैस. अप्पांनी ते दिलं, पण दोन अटी घातल्या. खळ्यात पायताण चालणार नाही. आणि मधल्या तिवड्याला कुणी हात लावायचा नाही. तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. त्याला बांधून बैलांची पात गोल फिरवतात. इतर लोक मळणी झाली की तो काढतात. अप्पांच्या घरी तसा रिवाज नव्हता. त्यांच्या वडिलांनी रोवला होता, दरवर्षी त्याचीच पूजा व्हायची.

मी म्हटलं, राहू दे. एका खांबानं काय बिघडतंय?

वर्षभर अनवाणी खेळवून टीम जिल्ह्याला नेली. उस्मानाबादच्या टीमशी सामना होता. त्यांना बूट, त्यांना मोजे, बघायला खुद्द अव्वल तालुकदार साहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टरच. बुटांना आमची माणसं भ्याली नाहीत. चेंडू पायात आला की सुसाट निघायची, आणि मैदानाच्या मध्यावर आली की गर्रकन वळण घेऊन कडेला जायची. एक गेला, दुसरा गेला, सगळेच तसे. मधे मोकळं मैदान, चिटपाखरू नाही, पण आमचा एक गडी सरळ जाईल तर शपथ. वर्षभर तिथं खांब होता ना. पायांना तो अजून तिथंच दिसत होता.

मी कडेनं ओरडत सुटलो, "मधून! मधून!" घसा फाटला. त्यांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वळण घेतलं. उस्मानाबादवाले मात्र नाकासमोर मधून येत होते आणि गोल मारून जात होते. किती गोल बसले ते मी आजही सांगणार नाही. बघणाऱ्यांत शेतकरीच जास्त. त्यांच्या लगेच ध्यानात आलं. कुणीतरी हाळी दिली, पात चालली रे, पात! सगळं मैदान हसलं. साहेबसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर कडीला बैलाचं मुसकं टांगलेलं. मळणीत बैलानं कणसं खाऊ नयेत म्हणून तोंडाला बांधतात ते, सुतळीचं जाळं. चांगलं वापरातलं, लाळेचा वास येणारं. बाजारात गेलो तर विचारायला लागले, काय मास्तर, कणसं खाल्ली का? पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे. मी ते मुसकं घरातल्या खुंटीला अडकवलं आणि ठरवलं, टांगणारा सापडेपर्यंत हे इथंच राहणार.

अप्पांनी बोलावून घेतलं. आतून पानसुपारीचं तबक आलं नाही तेव्हाच मी काय ते ओळखलं. "साकु, मास्तर," एवढंच म्हणाले. साकु म्हणजे पुरे. टीम त्यांनी जावयाच्या हाती दिली. जावईबापू सोलापूरचे, इंग्रजी मुलखातले. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. फुटबॉल त्यांनी बघितला होता, एवढीच त्यांची विद्या. बूट तेवढे खळ्याच्या बाहेर काढून ठेवायला लागायचे, म्हणून मोजे घालून उभे राहायचे.

दुसरा कुणी असता तर बदली मागून गेला असता. मी गेलो नाही. रोज संध्याकाळी खळ्याच्या शेजारच्या गाडीवाटेवर धोंड्यावर बसून त्यांचा खेळ बघायचो. अप्पांचा निरोप आला, मास्तरांनी तिथं बसू नये. मी उलट निरोप धाडला, वाट सरकारची आहे. मला ती टीम परत पाहिजे होती. नोकरी, मान, गावातलं बोलणं, सगळं गेलं तेल लावत. टीम माझी होती आणि ती मी दुसऱ्याच्या हाती सोडणार नव्हतो.

बसून बसून एक गोष्ट दिसली. चेंडू चुकून तिवड्याला लागला की उसळून कुठं जाणार हे या माणसांना पाठ होतं. न बघता पळायचे आणि चेंडू नेमका पायात यायचा. मी कपाळावर हात मारला. यांना तिवडा विसरायला लावणं ब्रह्मदेवाच्या बापाला जमणार नव्हतं. मग तिवडाच मैदानात न्यायला काय हरकत?

जावईबापूंच्या हाताखाली ती टीम पुन्हा उस्मानाबादला गेली आणि माझ्या वेळेपेक्षाही वाईट हरली. जावईबापू परतलेच नाहीत, तिथूनच मोटारीनं सोलापूरला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी सालगडी दारात आला. अप्पांनी बोलावलंय म्हणाला, टीम परत घ्या. मी खुंटीकडं बोट दाखवलं. म्हटलं, ज्यानं हे टांगलं त्यानं माझ्यासमोर येऊन ते उचलावं, त्याशिवाय मी खळ्यात पाय ठेवणार नाही. अप्पांना तसं सांग.

तो हलला नाही. मुसक्याकडं बघत उभा राहिला.

"म्याच टांगलं व्हतं," तो म्हणाला.

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याला चेष्टा येत नव्हती.

"तुमी नुसतं वरडत व्हताव, मास्तर. मधून, मधून. पायानं बघावं का तुमचं ऐकावं, काय बी कळंना. लोकं हसली त्याचं न्हाय वाटलं. तुमचं तोंड कवा बंद हुतंय असं झालं व्हतं."

माझ्या टीमचा माणूस. माझ्याच पैशाच्या पेंडखजुरावर पोसलेला. मी त्याला नाही नाही ते बोललो, चालता हो म्हणालो. तो ऐकून घेत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "येताव का न्हाय तेवढं सांगा. मला वैरण टाकायचीय."

मी गेलो. माफ करून गेलो असं कुणी समजू नये. त्याला मी अजूनही माफ केलेलं नाही.

त्या साली मी सालगड्याला मधोमध उभा केला. सांगितलं, तू तिवडा. तू जागा सोडायची नाही, बाकीचे तुझ्याभोवती फिरतील. चेंडू तुझ्याकडं आला की उसळवून द्यायचा. हसतील अशी मला भीती होती, पण कुणी हसलं नाही. त्यांना ते लगेच समजलं. रोज सालगडी तिवड्याला पाठ टेकून उभा राहायचा, आणि मी बोलून बोलून जीव खायचो.

सामन्याच्या दिवशी मी ते मुसकं बरोबर घेतलं. मैदानाच्या कडेला बसलो, मुसकं मांडीवर ठेवलं आणि उपरण्याचा बोळा दातात धरला. आमची माणसं वळणं घेऊ लागली तशी लोकांनी पुन्हा हाळी दिली, पात चालली! पण या वेळी मधे माणूस होता. चेंडू त्याच्याकडं जायचा आणि तिसरीकडंच निघायचा. बूटवाले बैलांसारखे त्याच्याभोवती फिरायला लागले. हाळी हळूहळू बंद पडली. मला शंभर वेळा ओरडावंसं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, पण उपरणं सोडलं नाही. एका गोलानं जिंकलो.

गावात मिरवणूक निघाली ती थेट खळ्यावर गेली. अप्पांनी तिवड्याला हार घातला, नारळ फोडला, वडिलांची पुण्याई म्हणाले. मला कुणी पुढं बोलावलं नाही. मागं उभा राहून प्रसादाचा तुकडा तेवढा घेतला. तोही खवट निघाला.

मळणी आली तसा सालगडी पुन्हा दारात उभा राहिला. बैल कणसांना तोंड घालतोय, म्हणाला, मुसकं द्या.

मी दिलं नाही. पुढच्या सामन्याला मला ते लागणार होतं.