नवसागराचा वास

"धरम बदललंस, पण वास खंय बदललो तुजो?"

नायकीण सगळ्या बायकांसमोर म्हणाली. नायकीण म्हणजे गिरणीत आमच्या वाइंडिंग खात्यातल्या बायकांवरची मुकादम, मालवणकडची. आम्ही बौद्ध झालो त्याला वर्षही झालं नव्हतं. नाकाला पदर लावून तिनं मला मधल्या जागेवरून काढलं आणि संडासाच्या भिंतीलगत, सूत गुंडाळायच्या शेवटच्या चात्यांवर लावलं. बायका हसल्या. मीही हसले. तेच आज जाळतं.

वास येत होता, खोटं कशाला बोलू? लघवीला फेस आणि उग्र वास, कल्हईवाल्याच्या नवसागरासारखा. पुढं तोंडालाही यायला लागला. घोडपदेवच्या आमच्या खोलीत मोरीवर दोन बादल्या ओतल्या तरी जाईना. दोनदा आंघोळ करायची, अंग खसाखसा घासायची. मग वेडेपणा केला. पाणी पिणंच सोडलं. प्यायचं नाही म्हणजे जायला नको, वास नको. लघवी काळपट झाली, वास दुप्पट. मला वाटलं, नायकीण म्हणते ते खरंच असेल. जातीलाच वास असेल.

हीच नायकीण संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लालबागपासून माझा हात धरून चालली होती. लाठ्या पडल्या तेव्हाही सोडला नाही. तेव्हा तिला वास आला नाही.

पाय सुजले, चप्पल चढेना, तेव्हा परळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर धरली. अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. मूत्रपिंडं निकामी होत चाललीत, म्हणाले. रक्तातली घाण बाहेर पडत नाही, तिचा हा वास. पाणी तोडल्यानं आणखी वाढला. औषध काय, मी विचारलं. ते नळी धूत राहिले. माझी मुलगी पाच वर्षांची आहे.

मी चिठ्ठी मागून घेतली. वास आजाराचा आहे, असं लिहिलेली. नायकिणीला दाखवणार होते, माझी जागा परत मागणार होते. चालत घरी येताना चिठ्ठी मुठीत घामानं भिजली. आणि आई आठवली. ती याच खात्यात होती, धडधाकट होती, तिला कसला वास नव्हता. तरी माझ्यासारखाच तिचाही पाण्याचा माठ वेगळाच होता. ही चिठ्ठी तिच्या काय कामाची होती? माझ्या मुलीच्या काय कामाची?

दुसऱ्या दिवशी खात्यात गेले ती थेट सवर्ण बायकांच्या माठाकडे. गडवा भरून सगळ्यांसमोर प्याले आणि मधल्या चात्यांवर जाऊन उभी राहिले. नायकीण आली. तुझी जागा तिकडे, म्हणाली.

मी म्हटलं, "वास येतो. मरेपर्यंत येणार. मी हितनं हलणार नाय."

चिठ्ठी पोलक्यात होती. काढली नाही.

त्यांनी तो माठ फोडला. नवा आणला. मी त्यातलंही प्याले. माझे दिवस थोडे आहेत. तेवढे सगळे दिवस मी त्यांच्याच माठातलं पाणी पिणार. त्यांनी रोज नवा माठ आणावा.