मॅनेजरचं कमिशन

तुर्भ्याच्या एमआयडीसीत पंप विकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पगार बेताचा, खरी कमाई कमिशनची. शेवटच्या वर्षाचं कमिशन मालकाने दिलंच नाही. आधी म्हणायचा, "पार्टीचं पेमेंट येऊ दे." पेमेंट आल्यावर म्हणाला, "ती पार्टी माझ्या ओळखीची." त्या पार्टीच्या गेटवर उन्हात ताटकळत मी उभा राहायचो, हा नव्हे. त्या पैशांवर आम्ही जुईनगरला घर बुक करणार होतो. टोकनपुरते बायकोने साठवले होते, पुढची भिस्त कमिशनवर. मी नोकरी सोडली आणि कामगार कार्यालयात अर्ज केला.

सुनावणीला मालकाच्या वकिलाने माझं व्हिजिटिंग कार्ड पुढे सरकवलं. एरिया मॅनेजर. "साहेब, हे मॅनेजर. कामगार कुठून झाले?"

ते पद मीच मागून घेतलं होतं. सेल्समन ऐकलं की मुलीकडचे कांदेपोह्यांवर बोळवण करायचे. आई म्हणाली, पगार राहू दे, आधी पद माग. मालकाने हसत दिलं. त्याचं काय जात होतं? त्याच बायोडेटावर माझं लग्न जुळलं. हाताखाली माणूस एकही नाही, चहासुद्धा टपरीवरून मीच आणायचो. आमच्या धंद्यातले निम्मे मॅनेजर असेच झालेले असतात. हे सगळं मी अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, दिवाणी कोर्टात जा.

तिथे दावा लावायचा तर आधी कोर्ट फी. म्हणजे आपल्याच पैशांसाठी आपणच आधी पैसे मोजायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

"जाऊ दे," घरी येऊन मी बायकोला म्हणालो. "आहे तेही जायचं."

तिने कपाटातून टोकनचे पैसे काढून माझ्यापुढे ठेवले. "उद्या जाऊन फी भरा."

"आणि घर?"

"राहू अजून भाड्याने. पण तो माणूस असा सुटायला नको."

मी फी भरली. दावा अजून चालूच आहे. गेल्या तारखेला मालकाचा वकील आजारी होता, त्याच्या आधी कोर्टाला वेळ नव्हता. आम्ही सानपाड्याला भाड्याने राहतो. दर करारनाम्याला भाडं वाढतं, आणि बायको चकार शब्द काढत नाही. तिने एकदा तरी मला बोलून घ्यावं, असं फार वाटतं.