अंड्याची टरफलं

बहात्तरच्या दुष्काळात लिंबावरून पडलेली खार मी पाळली होती. ती मागचे पाय ओढू लागली, म्हणून कुणा जाणकाराला दाखवायला काष्टीच्या गुरांच्या बाजारात नेली. अंडी विकणाऱ्या एका बाईने तिच्या पायांवरून अलगद बोट फिरवलं आणि ती माझ्यावरच उखडली, "नुसतं शेंगदानंच चारलं व्हय रं? हाडं मऊ पडल्यात. अंड्याचं टरफल कुटून दुधातनं दे. उन्हात ठेव."

"आमच्या घरात अंडं चालत नाही."

"अन् मेलेली खार चालती?" तिने टरफलं पुढ्यात टाकली, शेजारी दगड आदळला. "हितंच कुट!"

मी कुटलं. घरी चोरून चारलं. महिन्याभरात खार भिंतीवर चढली.

आई म्हणाली, "देव पावला."

त्या बाईचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. तिच्याबद्दल अवाक्षर न काढता मी मान डोलावली. त्या मानेचा मला आजही संताप येतो.