कमलेशने दिलेलं पान

एडवणचा कमलेश चुरी सफाळे स्टेशनवर रिक्षा चालवतो. भाडं घेतो आणि गावाचा इतिहास फुकट देतो. कोटाचे दगड कुठून आणले, तोफ कोणत्या विहिरीत पडली, समुद्र पूर्वी कुणाच्या ओटीपर्यंत यायचा, सगळं साग्रसंगीत. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी म्हणे ठरवूनच टाकलंय, पहिलं वळण आलं की डोळे मिटायचे.

त्याच्या तेजलला बघायला सालवडहून पाहुणे यायचे ठरले, तेव्हा लेकीने बजावलं होतं, "बाबा, त्यांना सरळ घरी आणा. कोट नको, तोफ नको."

पाहुणे दोघंच. कारखान्यात कामाला असलेला भाग्येश आणि त्याची आई रखमाबाई, मूळची सांगलीकडची. कमलेशने कोट टाळला, किनारा टाळला. पण रखमाबाईंनीच विचारलं, की विड्याचं पान इथं कुठं पिकतं म्हणतात ते? झालं. रिक्षा घरच्या पानमळ्याकडे वळली.

त्याने चपला बांधावर काढायला लावल्या. पानवेलींत कुणी चप्पल घालून जात नाही. आजोबांच्या वेळी इथल्या पानांच्या करंड्या आगगाडीने कुठवर जायच्या, हे रंगवता रंगवता त्याने एक मोठं पान खुडलं, वर खिशातली सुपारी ठेवली आणि रखमाबाईंच्या हातावर दिलं. मळ्यात आलेल्याला रिकाम्या हाताने कसं धाडायचं?

रखमाबाईंनी पान कपाळाला लावून पदरात बांधलं. "आमचीबी पसंती हाय, व्याही."

तेव्हा कुठे कमलेशच्या ध्यानात आलं. मुलीच्या बापाने मुलाच्या आईला पानसुपारी दिली म्हणजे सोयरीक पक्की. आणि तेजलने तर अजून मुलगा पाहिलाही नव्हता. पुढची सगळी वाट रिक्षा मुकी चालली.

घरी रखमाबाईंनी कौतुकाने गाठ सोडून दाखवली. तेजलने पोह्यांची बशी खाली ठेवली. कमलेश पुटपुटला, आपण नुसता मळा दाखवत होतो.

"मावशी, हे बाबांच्या गप्पांतलं पान हाय," तेजल म्हणाली. "मला परत द्या. द्यायचं झालं तर मी देईन."

रखमाबाईंचा चेहरा उतरला. भाग्येश म्हणाला, "दे की आई. मला तरी कुणी विचारलंय?"

पान परत आलं. तेजल भाग्येशला म्हणाली, चला, मळ्यात बोलू. कमलेशने किल्ली उचलली, तर तिने नुसतं पाहिलं. त्याने किल्ली खुंटीला लावली.

दोघं चालत गेली. इकडे शांतता सोसेना, म्हणून कमलेशने तोफेची गोष्ट काढली. विहीर येण्याआधीच रखमाबाईंनी डोळे मिटले.

बऱ्याच वेळाने दोघं परतली. तेजलचे हात रिकामे.

"पान?" रखमाबाईंनी विचारलं.

"ते मळ्यातच ठेवलं. द्यायचं पान अजून वेलीवर हाय. हे रविवारी कोट बघायला येतायत. मग बघू."

कमलेशने सावरून बसत तोंड उघडलं.

"कोट मी दाखवणार, बाबा."