खाजकुइली ओळखणारा पट्टा

माझी आई कढीपत्त्याला घाबरायला लागली तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. भाजीवाल्याने मेथीच्या जुडीवर फुकटात टाकलेली ती डहाळी. आईने ती पिशवीतून चिमट्याने उचलली आणि सिंकमध्ये सोडली. चिमट्याने! महापालिकेच्या शाळेत भरलेला वर्ग नुसत्या भुवईवर गप्प करणारी बाई, आणि कढीपत्त्याला हात लावेना.

"काय गं हे, आई?"

"त्यात काय काय मिसळून येतं कुणाला माहीत," ती म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

कढीपत्ता बिचारा निर्दोष होता. खरी गुन्हेगार होती खाजकुइली.

करी रोडची आमची चाळ पाडून तिथेच टॉवर उभा राहिला, तरी आम्ही अजून चाळच म्हणतो. चाळीतल्या बायका दर हिवाळ्यात कर्जतच्या पुढे, डोंगरातल्या एका लेणीला जातात. खालच्या गावातून रान तुडवत वर चढायचं, लेणीत बुद्धवंदना करायची, मग बाहेरच्या कातळावर बसून भाकरी आणि सुकटीची चटणी हाणायची. ही प्रथा आईनेच पाडली. आणि सगळ्यात पुढे कायम तीच. पांढरी साडी, निळा काठ, पायात कॅनव्हासचे बूट आणि कमरेला खोचलेलं निळ्या रिबनचं रीळ. जयंतीच्या सजावटीतून दरवर्षी ढीगभर रिबन उरते, ती आई जपून ठेवते. वाटेत दगड सुटा असला, काटेरी झुडूप वाटेवर आलेलं असलं किंवा खाजकुइलीचा वेल लोंबत असला, की आई शेजारच्या फांदीला निळी रिबन बांधून पुढे जाते. मागच्या बायकांनी निळं दिसलं की जपून चालायचं. आणि सगळ्यात शेवटी चालणाऱ्याने त्या रिबनी सोडून परत आणायच्या, कारण रानात कचरा केलेला बाईंना, म्हणजे आईला, खपत नाही.

ज्यांनी खाजकुइली पाहिली नाही ते सुखी लोक. दिसायला घेवड्यासारखा वेल, त्याला तपकिरी, मखमली, वाकड्या शेंगा. हात फिरवावासा वाटेल इतक्या गोड दिसतात. हिवाळ्यात त्या वाळल्या की त्यांची कुसं वाऱ्यावर उडतात आणि अंगाला लागली की माणूस नाचतो. मागच्या वर्षी आई एका वेलाशेजारी रिबन बांधायला थांबली आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. कुसं मानेवर, चेहऱ्यावर, नाकातोंडात. बाकीचे खाजवून मोकळे झाले असते, पण आईला जुना दमा. आधी आवाज बसला, मग ओठ सुजले, मग श्वास लागेना. गावातल्या बायकांनी धावत येऊन तिच्या हातांना आणि मानेला शेण चोळलं, कारण शेणाबरोबर कुसं निघून येतात. मग जीप, मग तालुक्याचं हॉस्पिटल. मी तिचा हात धरून बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आता ही जाते.

आई वाचली. नंतर शेणाचा किस्सा तिने स्वतःच रंगवून सांगितला. पण आतून काहीतरी मोडलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की मास्क लावा, सोबत औषध ठेवा, त्या वेलापासून लांब राहा आणि मग खुशाल जा. आईने त्यातलं "लांब राहा" तेवढंच ऐकलं. गॅलरीतला मनीप्लांट शेजारणीला देऊन टाकला. फुलांचा हार आला तर दाराबाहेर. आणि या हिवाळ्याचं ठरवायला बायका जमल्या तेव्हा म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी खाली गावात बसते." थोड्या वेळाने, "गावात तरी कशाला? घरीच बरी."

शेजारची काकू म्हणाली, "बाई नाहीत तर कसली सहल? यंदा राहू दे मग."

झालं! आईचा एवढ्या वर्षांचा डोंगर एका शेंगेने खाल्ला. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ठरवलंच, ही शेंग लांबून ओळखणारं काहीतरी बनवायचं. आईला पुन्हा पुढे चालताना बघायचंय, बस.

माझं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या मिलच्या आवारात. आम्ही मनगटावर बांधायचे पट्टे बनवतो, लोकांची झोप मोजणारे, ठोके मोजणारे. म्हणजे सामान हाताशी होतं. साहेबांची परवानगी घेऊन बाद झालेले बोर्ड उचलले. कल्पना साधी होती. छातीवर बिल्ल्यासारखा एक छोटा कॅमेरा आणि मनगटावर पट्टा. कॅमेऱ्याला समोर खाजकुइली दिसली की पट्टा थरथरणार. त्यासाठी मशीनला आधी भरपूर फोटो दाखवावे लागतात. ही खाजकुइली, ही नाही, ही खाजकुइली, ही नाही. बघून बघून ती स्वतःच ओळखायला शिकते.

फोटो दिले माझ्या मित्राने. हा आमच्याच चाळीतला, माझ्याबरोबर वाढलेला, आता परळच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. लेणीच्या सहलीला दरवर्षी पाण्याचे कॅन आणि पातेली वाहायला येतो आणि सगळ्यात शेवटी चालतो. इतर वेळीही कॉलेजच्या मुलांना घेऊन डोंगर धुंडाळत असतो.

"खाजकुइलीचे फोटो? अगं पोतंभर आहेत," तो म्हणाला. "हवे तेवढे घे."

आईला पहिला नमुना दाखवला. तिने तो उलटासुलटा केला. "हे काय, साबणाची डबी गळ्यात बांधायची?"

"कॅमेरा आहे तो."

"बरं. आणि हा वेल लपून बसला तर?"

"आई, तू जरा गप्प बस ना!"

मशीन शिकली. बाजूला ठेवलेले फोटो दाखवून परीक्षा घेतली, तर पठ्ठी एकही चुकेना. मी ऑफिसात खुर्चीवरून उठून टाळ्या पिटल्या. बिल्ला लावून लालबागच्या बाजारातून चालत घरी आले. मिरच्यांचे ढीग, भाज्या, फुलवाले, सगळ्यांसमोरून गेले. पट्टा शांत. मला वाटलं, जमलं रे जमलं.

त्या दिवशी पौर्णिमा होती. टॉवरच्या तळमजल्यावर आमचं विहार आहे, तिथे संध्याकाळी वंदनेला सगळे जमतात. म्हटलं, इथेच सगळ्यांना दाखवू. मी दारात पाय ठेवला आणि पट्टा थरथरला. मी दचकून मागे बघितलं. काही नाही. आत गेले, तर थांबेचना. काकूसमोर थरथर. काकूच्या सुनेसमोर थरथर. भिंतीवरच्या पताकांसमोर तर असा पेटला की हात झिणझिणायला लागला. आणि समोरून निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, खांद्यावर निळा स्टोल टाकून आई आली, तेव्हा तो थांबायचं नावच घेईना.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" आईने विचारलं.

मी काय सांगणार, डोंबल? "तू खाजकुइली आहेस म्हणतंय."

सगळं विहार हसलं. काकू म्हणाली, "अगं, शाळेतल्या पोरांना विचार, खरंच म्हणतील!" मी मात्र लाजेने लाल झाले होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. वंदना संपल्यावर मित्राला कोपऱ्यात ओढलं.

"काय फोटो दिलेस रे तू मला?"

"खाजकुइलीचेच दिलेत! बघ ना!"

तिथेच पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. आई आमच्या मागे उभी. एकेक फोटो बघत गेलो. शेंगा आहेत. वेल आहे. आणि प्रत्येक फोटोत, कुठे कडेला, कुठे मधोमध, फांदीला बांधलेली एक निळी रिबन. दरवर्षी हा शेवटचा माणूस रिबनपाशी यायचा, आधी फोटो काढायचा आणि मग रिबन सोडायचा. इतर डोंगरांवरही पोरांसाठी त्याने हीच पद्धत उचलली होती. आणि निरुपद्रवी झाडांना कोण कशाला रिबन बांधतंय? मी त्याच ढिगातून परीक्षेचे फोटो घेतले होते, म्हणून पठ्ठी पैकीच्या पैकी मार्क मिळवत होती. तिने शेंगेकडे बघितलंच नव्हतं. ते जयंतीचं गडद निळं दिसलं की जपायचं, एवढंच ती शिकली होती.

"म्हणजे तिला मीच शिकवलं," आई हळूच म्हणाली.

मी काही बोलायच्या आत ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हॉस्पिटलातून आल्यापासून असं हसणं तिच्याकडून ऐकलं नव्हतं. माझा राग कुठच्या कुठे गेला.

"सरक तिकडे," ती आमच्यामध्ये बसत म्हणाली. "धडाच चुकीचा दिलायत पोरीला. पहिल्यापासून घ्या."

मग आमचे कितीतरी रविवार त्यात गेले. मी आणि मित्र बिनरिबनीचे फोटो काढायला डोंगर फिरलो. मला दोनदा खाजकुइली लागली. एकदा तर मी कर्जत स्टेशनच्या बाकावर पाठ घासत बसले होते आणि लोक माझ्यापासून लांब सरकत होते. घरी आई चष्मा लावून फोटो निवडायची. "ही खाजकुइली. हा साधा घेवडा. हा फोटो हललाय, ह्याला शून्य." पहिल्या रविवारी ती स्क्रीनपासून हातभर लांब बसली होती. नंतर नंतर शेंगेवर बोट ठेवून दाखवायला लागली. एक दिवस घरी आले तर शेजारणीकडून मनीप्लांट परत आलेला. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, उगाच नजर लागायची.

नव्या नमुन्याने विहारात कुणाला खाजकुइली ठरवलं नाही. तरी सहलीच्या सकाळपर्यंत आईचं "बघू" चालूच होतं. गावात उतरल्यावर म्हणाली, "पहिल्या वळणापर्यंत येते. पुढचं पुढे." मास्क, लांब बाह्या, पर्समध्ये औषध, छातीवर नवा बिल्ला. जुना फेकवेना म्हणून मी स्वतःला अडकवला. रिबनचं रीळ तिने माझ्या हातात दिलं.

"आज तू पुढे," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या वाटेवर आईच्या पुढे चालत होते. समोर नुसतं रान, निळ्याचा टिपूस नाही, त्यामुळे माझा पट्टा गप्प. मागे मोजून पावलं टाकल्यासारखा आईच्या बुटांचा आवाज. आणि सारखं वाटत होतं, आता ती थांबेल. पहिलं वळण आलं. वळण गेलं.

पुढे वाट दोन झुडपांमधून जात होती. मी काकूशी काहीतरी बोलत, मागे मान वळवून चालत होते.

"थांब!"

तो शाळेतला आवाज होता. पाठोपाठ माझी सॅक मागे ओढली गेली आणि मी जवळजवळ आईच्या अंगावरच पडले. तिच्या मनगटावरचा पट्टा घुर्रघुर्र करत होता. वर बघितलं, तर माझ्या डोक्यापासून जेमतेम हातभर पुढे वाळलेल्या शेंगांचा घोस लोंबत होता.

"डोळे कुठे असतात तुझे?" मास्कमधूनही ती कडाडली. "बडबड, नुसती बडबड! लागलं असतं म्हणजे?"

"आई, तू लांब हो आधी!" मी ओरडले. "वारा आलाय!"

"मला कळतंय वारा कुठून येतोय ते. आण इकडे."

तिने माझ्या हातातलं रीळ घेतलं. वाऱ्याकडे पाठ करून, चांगली लांबची फांदी निवडून तिथे निळी रिबन बांधली. गाठ नेहमीसारखी पक्की मारली. मग साडी सावरली, घोसाला मोठा वळसा घातला आणि पलीकडच्या वाटेवर गेली. मला वाटलं, आता माझी वाट बघत थांबेल. ती थांबली नाही. रीळ कमरेला खोचलं आणि चालायला लागली.

"चला गं बायांनो," तिने वळून न बघता हाक दिली. "निळं बघून चाला."

मागून मित्र पातेली वाजवत ओरडला, "बाई, जय भीम!" तिने चालता चालताच हात वर केला.

मी तिच्या मागे लागले आणि माझं मनगट थरथरायला लागलं. जुना पट्टा. माझ्या पुढे आता निळा काठ होता, निळा स्टोल होता. काकू म्हणाली, "अगं, बंद कर की तो, किती आवाज करतोय." मी नाही केला. पार वर लेणीपर्यंत तो थरथरत राहिला.