सिद्धूला घरी नेलं, त्या दिवसाबद्दल

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी तीनेक वर्षं नुसता वाचक आहे. खरं सांगतो, वाचायचो तेही हसायलाच. मी बेळगावात हायस्कूलला गणित शिकवतो. घाटातली बाई, चिंचेखालचा माणूस असलं काही आलं की मी आधी त्यातली चूक शोधायचो... वेळ जुळत नाही, अंतर जुळत नाही. माझ्या स्वतःच्या अनुभवातही मी तशी चूक शोधली. दोन वर्षं झाली, अजून सापडलेली नाही. म्हणून लिहितोय. यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगतो.

पिरनवाडीत, खानापूर रोडपासून जरा आत, दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे. तिथे मी आणि सिद्धू सहा वर्षं राहिलो. घरमालकांना, शाळेत, माझ्या भावाला, सगळ्यांना मी सांगत आलो की तो माझा रूम पार्टनर. इथे तरी खोटं लिहीत नाही. आमचं एकमेकांवर प्रेम होतं.

सिद्धू (नाव बदललं आहे) निपाणी-चिकोडी रस्त्यालगतच्या एका गावातला. घर गुरवांचं, गावच्या देवळाची पूजा पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे. मी नोकरीच्या सुरुवातीला निपाणीच्या एका शाळेत होतो, तो आयटीआय करून तिथेच एका वर्कशॉपला होता. आम्ही एकाच खानावळीत जेवायचो. तिथनं सुरू झालं. मला तो 'मास्तर' म्हणायचा. फक्त तोच, आणि तेही फक्त घरात.

मग त्याच्या चुलत्यांना कुठून तरी कळलं. घरात आरडाओरडा झाला नाही. त्याला आंघोळ करायला लावून देवळात नेलं आणि आप्पांसमोर, म्हणजे त्याच्या वडिलांसमोर, बेल-भंडारा उचलायला लावला. हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन देवापुढे शपथ – त्या माणसाचं तोंड पुन्हा बघणार नाही. सिद्धूनं उचलला. महिनाभर पाळलीही. तोवर माझी बेळगावला बदली झाली होती. एका दुपारी तो पिशवी घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "मोडली मी. आता मला घर न्हाय."

त्याला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम मिळालं. आम्ही सुखात होतो, हे खोटं नाही. पण घर म्हणजे त्याच्या अंगावरची जखम होती. गाव इथनं दीड-दोन तासांवर. दर रविवारी तो बसनं निपाणीला जायचा, स्टँडवर चिकोडीच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर बसायचा, गावची गाडी भरताना बघायचा, ती सुटली की परत यायचा. मी म्हणायचो, "एकदा चढ की त्या गाडीत." तो म्हणायचा, "देवाची शपथ मोडलेल्या माणसानं उंबऱ्यात पाय ठेवला तर आप्पांना काय तरी होईल रं. त्यांनी पूजा करायची आणि मी पलीकडं भाकरी खात बसायचं? न्हाय जमायचं."

नंतर त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे दिसायला लागले तरी डॉक्टरकडे यायला तयार नाही. "हे देवाचं हाय मास्तर, औषधानं जायचं न्हाय." बारा दिवस मी त्याचं ऐकलं. गणिताचा शिक्षक आहे मी, विज्ञानाच्या गोष्टी सांगणारा, आणि बारा दिवस ऐकलं. तेराव्या दिवशी उचलून नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला तो गेला.

त्याला गावाकडे न्यायला चुलते आणि चुलतभाऊ आले. मी मोटारसायकलवरून ॲम्ब्युलन्सच्या मागे निघालो. निपाणीच्या अलीकडे गाडी थांबवून चुलते खाली उतरले. शांतपणे म्हणाले, "सर, हितनं मागं फिरा." मी फिरलो. त्याचं शेवटचं काही बघायला मिळालं नाही मला.

आता मूळ अनुभव.

त्यानंतर चौदा महिन्यांनी, एका रविवारी, सकाळचे साडेअकरा. मी खोकी भरत होतो. पुण्याच्या एका शाळेत मला नोकरी मिळाली होती. राजीनाम्याचं पत्र बॅगेत होतं, सोमवारी द्यायचं होतं. ही गोष्ट मी कुणालाही, सख्ख्या भावालाही, सांगितली नव्हती.

आमच्या घराचं दार खाली घासतं. कडी लावलेली नसली तरी ढकलून उघडत नाही. कडी धरून दार जरा वर उचलायचं आणि मग गुडघ्यानं रेटायचं. घरमालकालाही ते जमत नाही, तो बाहेरून हाक मारतो. त्या दिवशी दार एका झटक्यात उघडलं.

साठीची एक बाई. इरकल साडी, हातात कापडी पिशवी. मी तिला फक्त सिद्धूच्या मोबाइलमधल्या एका फोटोत पाहिलं होतं. तिनं मला कधीच पाहिलेलं नव्हतं.

"मास्तर तूच न्हवं?" तिनं विचारलं. "मी सिद्धूची आई."

मी खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. विचारलं, "आक्का, तुम्ही कशा आलात? बरोबर कोण आहे?"

"सिद्धू आलता की," ती पाणी पिऊन म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुकानापातूर आला. म्हणाला, तू हो म्होरं. दार उचलून ढकल, नुसतं ढकललंस तर उघडायचं न्हाय."

बस उशिरा आली असं सांगावं, तसं ती हे सांगत होती. माझी पहिली समजूत हीच की दुःखानं तिच्या मनावर परिणाम झालाय. मी खाली बसलो. ती उठून आतल्या खोलीत गेली. आत एकच पलंग आहे. तो बघून ती बाहेर आली, खुर्चीवर बसली आणि विचारलं, "झोप लागायची का रं त्याला?"

"लागायची," मी म्हणालो. "पण कूस बदलत राहायचा."

"ल्हानपणापासनं तसाच," ती म्हणाली. मग आम्ही दोघंही रडलो. चौदा महिन्यांत मी कुणासमोर रडलो नव्हतो. रूम पार्टनरसाठी किती रडायचं असतं?

मग तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो.

"त्यो गेल्यानंतर, बाजाराला निपाणीला आले की चिकोडीच्या गाड्या लागत्यात तितं बाकावर बसल्याला दिसायचा. आधी वाटलं, त्याच्यागत दुसरं कोण असंल. तिसऱ्या बाजाराला जाऊन शेजारी बसले. म्हटलं, घरला चल. तर म्हणतोय, मास्तरला टाकून घरात येणार न्हाय, आणि त्याला घेऊन यायला मला तोंड न्हाय. दर बाजाराला हेच. ह्या बाजाराला म्हणाला, आई, मास्तर लांब चाललाय. त्यो गेला की मला हितंच बसाय लागंल. मग म्हटलं, चल, मास्तरचं घर दाव मला. मास्तर, आणाय आलेय तुला."

ती म्हणाली, "चल."

आता शंका. तो बाकावर बसायचा हे गावातल्या कुणीतरी पाहून तिला सांगितलं असेल, मान्य. पत्ता चुलत्यांनी हॉस्पिटलच्या कागदावर वाचला असेल, तेही मान्य. पण तिला अक्षरओळख नाही, सिटी बसच्या पाट्या कन्नडमध्ये, ती याआधी बेळगावला एकटी कधी आली नव्हती. आणि पुण्याचं? दाराचं?

मी कपडे बदलले आणि निघालो. तिच्यावर विश्वास बसला म्हणून नाही. ती मला घरी चल म्हणत होती, आणि तोवर मला कुणी असं म्हटलं नव्हतं, म्हणून.

निपाणीच्या गाडीत तिघांची सीट मिळाली. ती खिडकीशी बसली आणि मला हातानं कडेला बसवलं. मधली जागा रिकामी. कंडक्टर आला. तिचं आधार कार्ड बघून तिला बायकांचं फुकट तिकीट दिलं, आणि मशीनवर बोट ठेवून मला विचारलं, "एरडा?" म्हणजे दोन का.

"ओंदे," मी म्हणालो. एकच.

त्यानं मधल्या जागेकडे एकदा पाहिलं, एक तिकीट दिलं आणि पुढे गेला. हत्तरगीला गाडी गच्च भरली. माणसं दांड्याला धरून उभी होती. एकानं वाकून विचारलं, "कोण हाय का हितं?" आक्का म्हणाली, "हाय." तो पुढे सरकला. संकेश्वर गेलं, तरी त्या जागेवर कुणी बसलं नाही. मला काही दिसलं नाही, आवाज आला नाही, गार वारं लागलं नाही. फक्त... कसं सांगू, सहा वर्षं ज्याच्या शेजारी बसलो, त्याच्या शेजारी बसल्यावर जशी खांद्यातली ओढ जाते, तशी ती गेली.

निपाणीत ती उठली आणि म्हणाली, "चल रं." कुणाला म्हणाली, मी विचारलं नाही. आम्ही गावची गाडी धरली.

घराच्या दारात तिनं मला थांबवलं. आतून भाकरी आणि तांब्या आणला. तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मग दुसरा तुकडा मोडला, माझ्या डाव्या बाजूला रिकाम्या जागेवर ओवाळला आणि तिथंही पाणी ओतलं. पुढच्या सोप्यात आप्पा बसले होते. म्हातारा माणूस, कपाळावर भंडाऱ्याचं पिवळं. ते हे सगळं बघत होते. मला वाटलं, आता मला जायला सांगतील.

"किती उशीर लावलास," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे.

जेवण झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "शपथ त्यानं न्हाय घेतली. मी घ्याला लावली. मोडल्याचा दोष असंल तर त्यो माझा. पोरगं गेल्यापासनं रोज पूजेला बसलो की देवाला तेवढंच सांगतोय."

मी म्हणालो, "आप्पा, बारा दिवस मी त्याला दवाखान्यात नेलं नाही."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यानं माझं काय झालं, ते मला लिहिता येणार नाही.

राजीनामा मी दिला नाही. महिन्यातून एकदा गावी जातो. चुलते अजून बोलत नाहीत, पण उठूनही जात नाहीत. आक्काला मी एकदा विचारलं, बाजारात आता दिसतो का? ती भाकरी थापता थापता म्हणाली, "घरात हाय की आता. स्टँडावर कशाला बसंल?"

मला घरात तो दिसत नाही. कधीच दिसला नाही. मानसशास्त्र जाणणारे मित्र सांगतात की आईच्या मनानं ते सगळं रचलं, आणि उरलेलं मी जुळवून घेतलं. असेलही. दाराचा आणि पुण्याचा खुलासा त्यांनाही देता येत नाही, मलाही नाही. पूर्वीचा मी असतो तर यावर भांडलो असतो. आता खुलासा मिळाला नाही तरी माझं काही अडत नाही. ज्यानं कुणी तिला माझ्या दारापर्यंत आणलं, त्याचे उपकार मानतो आणि गप्प बसतो.

गेल्या महिन्यात आप्पांबरोबर देवळाच्या पायरीवर बसलो होतो. पलीकडच्या गावचा एक पाहुणा आला. माझ्याकडे बघून त्यानं आप्पांना विचारलं, "ह्यो कोण म्हणायचा?"

आप्पा तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, "आमचाच. बेळगावला मास्तर हाय."